निळ्या टेपनं कंबर खरंच थांबते का?

पोलीस भरतीचं ग्राउंड आठवड्यावर आलंय. १६०० मीटर पळायचंय आणि कंबर नेमकी आत्ताच धरलीय. सात रस्त्यावर चहा पिताना मित्र म्हणतो, "काय बे, टेप लाव की! खेळाडू लावतात ती निळी." तुम्ही मेडिकलकडे वळता. जरा थांबा, आधी हे वाचा.

ही ताणली जाणारी टेप जपानच्या केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात तयार केली. तिच्यात औषध नसतं. २०१२ च्या युरो सेमीफायनलमध्ये जर्मनीविरुद्ध गोल मारून बालोटेलीनं जर्सी काढली, तेव्हा त्याच्या पाठीवरच्या निळ्या पट्ट्या जगभर दिसल्या. दावा असा, की टेप थोडी ताणून लावली की कातडीवर सुरकुत्या पडतात, खालचा दाब हलका होतो आणि दुखणं हटतं.

हे तपासायचं कसं? ब्राझीलमध्ये झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेले १४८ जण घेतले. एका गटाला टेप ताणून, सुरकुत्या पाडून लावली. दुसऱ्या गटाला तीच टेप, पण न ताणता. चार आठवड्यांनी पाहिलं, तर दुखणं दोन्ही गटांत कमी झालेलं, आणि जवळपास सारखंच! म्हणजे ताणाची आणि सुरकुत्यांची जादू काही दिसली नाही.

मग बरं वाटतं ते खोटं? अजिबात नाही. कोपर आपटलं की आपण आपोआप चोळतो ना? १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी त्यामागचं कारण मांडलं. मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू एक सात रस्ता आहे. स्पर्शाचे संदेश जाड, वेगवान मज्जातंतूंनी येतात. रेंगाळणारी वेदना बारीक, संथ तंतूंनी. स्पर्शाची वाहतूक वाढली की वेदनेच्या गाड्या अडतात. टेपचा कातडीला होणारा स्पर्श काही अंशी हेच करत असावा. शिवाय 'आता बरं वाटणार' या भरवशावर मेंदूही वेदनेचा आवाज कमी करतो. आणि बरीचशी कंबरदुखी काही आठवड्यांत आपली आपणच ओसरते.

तर मग टेप लावायची असेल तर लावा, पण ती इलाज नाही. तिच्यामुळे हालचाल सोपी झाली, तर तेवढ्या वेळात चाला, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले व्यायाम करा. अभ्यासिकेत सलग बसू नका, मधूनमधून उठा. कातडी खाजली की टेप काढून टाका.

एक मात्र लक्षात ठेवा. पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर टेप नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. भरती पुढच्या वेळीही देता येते.