नमाजची वेळ सांगणारे ॲप आणि आपले लोकेशन

रमजान जवळ आला की घरोघरी फोनमध्ये नमाजचे एखादे ॲप घेतले जाते. सहर, इफ्तार, अजान, किब्ल्याची दिशा, सगळे एकाच जागी आणि तेही फुकट. उघडताच ते लोकेशनची परवानगी मागते. आपण 'अलाऊ' दाबून मोकळे होतो. किब्ला दाखवायचा तर आपण कुठे आहोत हे त्याला कळायलाच हवे, यात शंका कसली घ्यायची?

ही परवानगी कुठवर पोहोचू शकते, ते नोव्हेंबर २०२० मध्ये उघड झाले. 'मुस्लिम प्रो' हे सिंगापूरच्या कंपनीचे ॲप तोवर ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झाले होते. त्यातून लोकेशनची माहिती 'एक्स-मोड' या अमेरिकी कंपनीला मिळत होती आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराची कामे घेणारे ठेकेदार होते, अशी बातमी अमेरिकेतल्या 'मदरबोर्ड'ने दिली. जगभरचे मुसलमान संतापले. आम्ही लष्कराला थेट काहीच विकले नाही, असे ॲपवाल्यांनी सांगितले. एक्स-मोडशी असलेला संबंध मात्र लगेच तोडला. पुढच्याच महिन्यात गुगल आणि ॲपल यांनी एक्स-मोडचा कोड ॲप्समधून काढायला लावला. संवेदनशील ठिकाणांचे लोकेशन विकायला अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने या कंपनीला मनाई केली, ती थेट जानेवारी २०२४ मध्ये.

हा व्यवहार चालतो कसा? ॲप बनवणारे दुसऱ्या कंपनीचा तयार कोड आपल्या ॲपमध्ये बसवतात आणि त्याचे पैसे घेतात. तो कोड फोन कुठे आहे याची नोंद पाठवत राहतो. नोंदीत नाव नसते, असा खुलासा हमखास केला जातो. आम्हाला तो पटत नाही. रोज रात्री फोन कुठे असतो आणि जुम्याला दुपारी कुठे असतो, एवढे कळले तर नाव शोधायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी इजाजत घ्या, ही ताकीद सूरह नूरमध्ये आहे. इथे इजाजत वेळ सांगण्यापुरती घेतली होती.

मुळात या कामाला घराचा नेमका पत्ता लागतच नाही. रेखांशाच्या एका अंशाला साधारण ४ मिनिटांचा फरक पडतो. म्हणून मुंबई आणि नागपूर यांच्या वेळांत सुमारे २५ मिनिटांचे अंतर येते. पण एकाच शहरात दोन मोहल्ल्यांत फार तर मिनिटभराचे. किब्लाही आपल्याकडे सगळीकडे पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. तेव्हा शहराचे नाव पुरते. बहुतेक ॲप्समध्ये ते हाताने लिहिता येते. (मशिदीत लावलेला वेळांचा तक्ता तर काहीच विचारत नाही!)

फोनच्या सेटिंग्जमध्ये लोकेशन उघडा आणि नमाजच्या ॲपसमोर 'ऑल द टाइम' किंवा 'ऑलवेज' निवडलेले आहे का, ते पाहा. असल्यास परवानगी बंद करून ॲपमध्ये शहर निवडा. ते जमत नसेल तर 'ॲप वापरताना'पुरतीच परवानगी ठेवा आणि 'प्रिसाइज लोकेशन'चे बटण बंद करा. ॲपला मग अंदाजे भागच कळतो. अम्मी-अब्बांचे फोनही एकदा मागून घ्या. त्यांच्या फोनवर ॲप बहुधा नातवंडांनी टाकलेले असते आणि परवानगीही नातवंडांनीच दिलेली असते.