सुटा हिरा पारखताना

अंगठीत बसवलेल्या हिऱ्याची पुरी परीक्षा होऊ शकत नाही. कोंदणाच्या धातूची छटा त्यात उतरते, प्रॉन्गखाली, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या आकड्यांखाली, एखादा दोष झाकला जातो आणि हिरा एकटा तराजूवर ठेवता येत नसल्याने त्याचे वजनही अंदाजानेच सांगावे लागते. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए, प्रतवारीचा अहवाल सुट्या हिऱ्यालाच देते ते याच कारणाने. साखरपुड्याच्या अंगठीत मधोमध एकच हिरा, म्हणजे सॉलिटेअर, हवा असेल, तर आधी हिरा पसंत करून मग त्याच्या मापाची अंगठी घडवून घेणे हाच शहाणपणाचा क्रम.

हिऱ्याची प्रत कॅरेट, कट, कलर आणि क्लॅरिटी या चार निकषांवर ठरते. जीआयएची स्थापना १९३१ची. आज जगभर चालणारी प्रतवारी या संस्थेने १९५०च्या दशकात रूढ केली. दुकानात हे चारही निकष सारख्याच तोलाचे म्हणून समोर ठेवले जातात. पण बोटावर हिरा कसा दिसेल, हे सर्वांत जास्त ठरते ते कटवर. बाकीच्या तिन्हींत तडजोड चालते, कटमध्ये चालत नाही.

कट म्हणजे आकार नव्हे. गोल, ओव्हल, पेअर हे आकार झाले. कट म्हणजे पैलूंची प्रमाणे, त्यांचे एकमेकांशी असलेले कोन आणि घासणीची सफाई. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ असल्याने आत शिरलेला प्रकाश सहजासहजी बाहेर पडत नाही. तळच्या पैलूवर तो लंबरेषेशी साधारण साडेचोवीस अंशांहून मोठा कोन करून आदळला, तर पूर्णपणे आत परावर्तित होतो. कोन जुळलेले असतील तर वरून आलेला प्रकाश तळाच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर उसळतो आणि पुन्हा वरूनच, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत परततो. तळ जास्त खोल असेल तर प्रकाश खालून निसटतो आणि मधोमध काळवंडलेले दिसते. तळ उथळ असेल तर कमरेच्या कडेचे, म्हणजे गर्डलचे, प्रतिबिंब वरच्या सपाट पैलूत पांढुरक्या कड्यासारखे उमटते. असा हिरा कितीही शुभ्र आणि निर्दोष असला तरी मंदच वाटतो.

गोल ब्रिलियंटचे हे गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९मध्ये मांडले. तळाचा कोन ४०.७५ अंश, वरच्या भागाचा ३४.५ अंश आणि टेबल, म्हणजे वरचा सपाट पैलू, व्यासाच्या ५३ टक्के, अशी त्यांची मापे होती. आज टेबल थोडे मोठे, ५४ ते ५८ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. कोन मात्र फारसे हललेले नाहीत. ग्राहकाने अहवालात तळाचा कोन ४०.६ ते ४१ आणि वरचा ३४ ते ३५ यांच्यात आहे का, हे पाहावे. अहवालात कटपुढे लिहिलेला एक्सलंट हा शेरा पुरेसा नाही, कारण त्या श्रेणीची मर्यादा बरीच सैल आहे. कट, पॉलिश आणि सिमेट्री या तिन्हींत एक्सलंट असलेल्या हिऱ्याला बाजारात ट्रिपल एक्स म्हणतात. निवड तिथून सुरू करावी आणि कोन तपासून पुढे जावे.

चांगले कोन माहीत असूनही सगळेच हिरे तसे घडवले जात नाहीत, याचे कारण वजनात आहे. जगातल्या बहुसंख्य हिऱ्यांना सुरत आणि आसपासच्या कारखान्यांत पैलू पाडले जातात. गोल हिरा घडवताना कच्च्या खड्याचे निम्म्याहून अधिक वजन बहुधा घासण्यातच जाते. विक्री मात्र कॅरेटच्या दराने. मग तळ किंचित खोल ठेवून किंवा गर्डल जाड ठेवून वजन वाचवण्याचा मोह होतो. त्या वाचवलेल्या वजनाचे पैसे ग्राहक मोजतो, पण ते वरून दिसत नाही. म्हणून कॅरेटच्या आकड्याबरोबर मिलिमीटरही वाचावेत. नीट घडवलेल्या एक कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास ६.४ ते ६.५ मिलिमीटर असतो, अर्ध्या कॅरेटचा सुमारे ५.१. एक कॅरेटचा हिरा ६.१ मिलिमीटरच भरत असेल, तर बरेच वजन पोटात दडलेले आहे.

एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. पन्नास सेंटचा हिरा अर्ध्या कॅरेटचा. वजन दुप्पट झाले तरी व्यास सुमारे पावपटच वाढतो, दर कॅरेटचा भाव मात्र वजनाबरोबर चढतो. त्यातही ०.५० आणि १.०० या टप्प्यांवर तो एकदम उडी घेतो. ९० ते ९५ सेंटचा हिरा म्हणूनच चांगला सौदा ठरतो: बोटावर फरक कळत नाही, बिलावर कळतो.

रंगाची मोजणी डी या अक्षरापासून झेडपर्यंत. डी म्हणजे पूर्ण रंगहीन; पुढे पिवळट छटा वाढत जाते. ही प्रत हिरा उलटा ठेवून, बाजूने पाहून, नमुना खड्यांशी ताडून ठरवतात. सरळ धरलेल्या, उत्तम कटच्या हिऱ्यात जी आणि एच यांतला फरक बहुतेकांना ओळखता येत नाही. आपल्याकडे साखरपुड्याची अंगठी अनेकदा पिवळ्या सोन्याची असते, आणि त्यात आय किंवा जे रंगाचा हिराही शुभ्र दिसतो. पिवळ्या सोन्यासाठी डी-ईचे पैसे मोजणे व्यर्थ आहे. प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात जी-एचपर्यंत राहिलेले बरे.

क्लॅरिटी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरते. फ्लॉलेसपासून व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशा पायऱ्या उतरत आय-थ्रीपर्यंत जातात. नुसत्या डोळ्यांना दोष दिसत नसेल तर हिरा ‘आय क्लीन’. गोल हिऱ्यात व्हीएस-टू साधारणपणे तसा असतो, एसआय-वन बऱ्याचदा असतो. दोष कुठे आहे हे त्याच्या श्रेणीइतकेच महत्त्वाचे: टेबलाच्या मधोमध काळा ठिपका नको, कडेचा पांढुरका ठिपका प्रॉन्गखाली झाकता येतो. एमराल्ड कट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आकाराचे पैलू लांब आणि सपाट असल्याने त्यात आतले सारे दिसते. तिथे व्हीएस-वनच्या खाली जाऊ नये.

काही गोष्टी श्रेणीत नीट उतरतच नाहीत. मुंबईच्या बाजारात हिरा मागताना ‘बीजीएम नको’ असे सांगतात: तपकिरी झाक नको, हिरवी झाक नको, दुधाळपणा नको. अहवालाच्या तळाशी ‘क्लॅरिटीची श्रेणी आराखड्यात न दाखवलेल्या ढगांवर आधारित’ अशा अर्थाचा शेरा असेल, तर दुधाळपणाची शंका घ्यावी आणि हिरा पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. अतिनील प्रकाशात दिसणारी निळी चमक, म्हणजे फ्लुओरेसन्स, हा मात्र दोष मानण्याचे कारण नाही. क्वचित एखादा तीव्र फ्लुओरेसन्सचा हिरा धूसर दिसतो. एरवी आय-जे रंगाच्या हिऱ्याला ती थोडे शुभ्र दाखवते आणि भावही उतरवते.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही कार्बनचाच, तितकाच कठीण असतो. जनरल इलेक्ट्रिकने १९५४मध्ये प्रचंड दाब आणि तापमान वापरून असा हिरा बनवला. दागिन्यांसाठी सुरतेत मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी सीव्हीडी पद्धत वेगळी: हिऱ्याच्या पातळ चकतीवर मिथेन वायूतील कार्बनचे थर चढवत नेतात. हा हिरा भिंगाने वा दुकानातल्या साध्या टेस्टरने नैसर्गिक हिऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतली यंत्रे लागतात. त्याच्या किमती गेल्या काही वर्षांत झपाट्याने कोसळल्या. घालायला सुंदर, मोठा खडा हवा असेल तर तो निःसंकोच घ्यावा; पुढे विकून पैसे परत मिळतील ही आशा ठेवू नये. नैसर्गिक हिराही विकताना खरेदीच्या किमतीला जात नाही, म्हणून परतावा आणि अदलाबदलीच्या अटी बिलावर लिहून घ्याव्यात.

अहवाल कोणत्या प्रयोगशाळेचा, याने भाव बदलतो. तोच हिरा एका ठिकाणी जी तर दुसरीकडे एफ ठरू शकतो, त्यामुळे वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या अहवालांवरून किमतींची तुलना करता येत नाही. जीआयए आणि आयजीआय या दोन्ही प्रयोगशाळांचे अहवाल क्रमांकावरून ऑनलाइन पडताळता येतात. दुकानाचे स्वतःचे सर्टिफिकेट म्हणजे विकणाऱ्याने आपल्याच मालाला दिलेले गुण. सोन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी हा ओळख क्रमांक सोन्याची शुद्धता सांगतात, हिऱ्याची नव्हे.

वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्स हा या व्यापाराचा गड आहे. २०१०मध्ये तो सुरू होण्याआधी व्यवहार ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीत आणि आसपास चालत. पण तो व्यापाऱ्यांचा बाजार. सामान्य ग्राहक सराफामार्फतच हिरा मागवतो, आणि सराफाला एकाच किमतीतले तीन-चार हिरे शेजारी ठेवायला सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. दुकानातल्या झोताखाली कोणताही हिरा लखलखतो. तो खिडकीपाशी, दिवसाच्या पसरलेल्या उजेडात आणि नंतर मेजाखालच्या सावलीत पाहावा; सावलीतही जो जिवंत राहतो तो निवडावा. सुट्या पैलूदार हिऱ्यावर जुलै २०२२पासून १.५ टक्के जीएसटी आहे, तयार दागिन्यावर ३ टक्के. बिल कशाचे होणार, हे आधी विचारावे.

बिलावर अहवालाचा क्रमांक, वजन, चारही श्रेणी आणि ‘नैसर्गिक’ किंवा ‘प्रयोगशाळेत वाढवलेला’ हा शब्द स्पष्ट असावा. अहवालाचा क्रमांक बहुधा गर्डलवर लेझरने कोरलेला असतो. तो खरेदीच्या वेळी भिंगातून वाचून घ्यावा, आणि कारागिराकडून अंगठी परत आल्यावर पुन्हा एकदा. त्यासाठी क्रमांकावर प्रॉन्ग येऊ देऊ नका, असे बसवणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.