कंपनीचे दुसरे बारसे

मुलाचे बारसे एकदाच होते. कंपनीचे मात्र दोनदा, तीनदाही होऊ शकते. जुने बोधचिन्ह, जुने रंग, प्रसंगी जुने नावदेखील टाकून कंपनी नवा वेष धारण करते. या खटाटोपाला ‘रीब्रँडिंग’ म्हणतात. हे काम बहुधा एखाद्या डिझाइन एजन्सीकडे सोपवले जाते. त्यामुळे हा सारा मामला चित्रकाराचा, असा आपला समज असतो. वस्तुतः या कामातील सर्वांत अवघड भाग एजन्सीला बोलावण्यापूर्वीच करावयाचा असतो, आणि तो कंपनीने स्वतःच करावा लागतो. ही पूर्वतयारी म्हणजे काय, याचा थोडक्यात विचार येथे करू.

प्रथम एक उदाहरण घेऊ. ‘ट्रॉपिकाना’ हा अमेरिकेतील संत्र्याच्या रसाचा प्रसिद्ध ब्रँड. त्याच्या खोक्यावर संत्र्यात खोचलेली नळी असे चित्र असे. जानेवारी २००९ मध्ये त्या वेळच्या मालक पेप्सिको कंपनीने हे खोके बदलले. संत्रे गेले, त्या जागी रसाचा पेला आला. नावाची अक्षरेही उभी झाली. नवे रूप नीटनेटके होते. पण दुकानातील फळीवर लोकांना आपला नेहमीचा रसच ओळखू येईना! सुमारे दोन महिन्यांत विक्री जवळजवळ २० टक्क्यांनी उतरली आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वीच जुने खोके परत आणण्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. आतला रस तोच होता, हे विशेष. जुन्या खोक्याविषयी नेहमीच्या गिऱ्हाइकांना वाटणाऱ्या ओढीचा अंदाज आपल्याला आला नाही, असे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पुढे कबूल केले.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. ‘फेडरल एक्स्प्रेस’ ही जलद टपाल पोचविणारी कंपनी. लोक तिला सुटसुटीतपणे ‘फेडेक्स’ म्हणत. १९९४ मध्ये कंपनीने लोकांच्या तोंडचे तेच नाव आपल्या विमानांवर आणि मोटारींवर झळकवले. लँडॉर या एजन्सीतील लिंडन लीडर यांनी त्या नावाच्या शेवटच्या दोन इंग्रजी अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत एक बाण दडवला. बाणाचे कौतुक आजही होते. परंतु त्याआधीची खरी गोष्ट ही, की लोक आपल्याला काय म्हणतात हे कंपनीने कान देऊन ऐकले होते.

या दोन उदाहरणांतून तयारीचे पहिले दोन प्रश्न आपोआप निघतात. बदल कशासाठी हवा? आणि काय बदलायचे नाही? धंद्याचे स्वरूप पालटले, दोन कंपन्या एक झाल्या, जुन्या नावाने गैरसमज होऊ लागला, ही कारणे सबळ होत. नव्या साहेबाला जुना रंग आवडत नाही, हे कारण नव्हे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर कचेरीत बसून मिळतच नाही. त्यासाठी दुकानदाराला, माल पोचविणाऱ्या ड्रायव्हरला, खिडकीवरच्या कारकुनाला विचारावे लागते. गिऱ्हाईक माल कशावरून ओळखते? रंगावरून, चित्राावरून की नावावरून? जी खूण सर्वांच्या तोंडी येईल तिला हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा.

तिसरे काम मोजदादीचे. कंपनीचे नाव कोठे कोठे आहे? पाट्या, बिलबुके, लेटरहेड, खोकी, गाड्या, गणवेश, संकेतस्थळ यांची संपूर्ण यादी करावी लागते. बोधचिन्ह काढण्याचा खर्च पुष्कळदा किरकोळ ठरतो. ते सगळीकडे चढविण्याचा खर्चच कंबरडे मोडतो. ही यादी हाती नसेल, तर अर्ध्या गाड्या जुन्या रंगाच्या आणि अर्ध्या नव्या रंगाच्या, असा देखावा वर्षभर पाहावा लागतो.

चौथी बाब कायद्याची. नवे नाव किंवा चिन्ह दुसऱ्या कोणी आधीच नोंदवलेले नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. शिवाय आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नाव बदललेल्या कंपनीला पुढची दोन वर्षे नव्या नावाबरोबर जुने नावही लिहावे लागते. लग्नात तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले, तरी माहेरची माणसे जुन्याच नावाने हाक मारतात. कायद्यानेही ही सवय ओळखलेली दिसते! ब्रिटनमधील टपाल कंपनीने २००१ मध्ये ‘कन्सिग्निया’ हे नाव घेतले. त्यावर इतकी टीका झाली, की पुढच्याच वर्षी ते टाकून कंपनीने लोकांच्या परिचयाचे ‘रॉयल मेल’ हे नाव धारण केले.

या सर्वांचे सार दोन-चार पानांत लिहून काढावे. त्यालाच ‘ब्रीफ’ म्हणतात. आपण कोण, गिऱ्हाईक कोण, बदल का हवा, काय राखायचे, खर्च किती, मुदत किती आणि अखेरचा होकार कोण देणार, एवढे त्यात स्पष्ट असावे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. पण होकार देणारे दहा जण असले, की प्रत्येकाच्या सूचनेने मूळ कल्पना झिजत जाते आणि उरते ते कोणालाच आवडत नाही. ‘काहीतरी नवीन करा’ एवढेच सांगितले, तर कुशल चित्रकारही अंधारातच तीर मारणार.

आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. लोकांना विचारणे, त्यांचे म्हणणे समजून घेणे आणि ते नेमक्या शब्दांत मांडणे, हे या कामाचे मर्म आहे. आणि भाषा, मानसशास्त्र, समाजशास्त्र हे विषय आपल्याला दुसरे काय शिकवतात? चित्र काढता येत नसले, तरी या कामात आपल्याला जागा आहे.

शेवटी एक सांगावेसे वाटते. माल सुमार आणि सेवा उद्धट असेल, तर कोणतेही बोधचिन्ह कंपनीला तारू शकत नाही. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच रचलेली नाही. म्हणून बारशाला बोलावणी करण्यापूर्वी वाळा सोन्याचा आहे ना, एवढे घरच्यांनी पाहून घ्यावे.