परसातील खुराडे : कोकणच्या पावसात टिकेल असे

मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूणच्या दक्षिणेस वसलेले सावर्डे हे गाव कोकण रेल्वेचे स्थानक, काताचा व्यवसाय आणि शिक्षणसंस्था यांमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. महामार्ग सोडून आत वाड्यांकडे वळले, की परसात चरणाऱ्या कोंबड्या नजरेस पडतात. पूर्वी त्यांची रात्रीची सोय म्हणजे पडवीच्या कोपऱ्यात उपडे घातलेले बांबूचे डालगे. चार-पाच कोंबड्यांना ते पुरत असे. आज मात्र गिरिराज, वनराजा अशा सुधारित जातींची दहा-वीस पिल्ले आणण्याकडे अनेक कुटुंबांचा कल आहे आणि त्यांत मुंबईतील नोकरी संपवून गावी परतलेले बरेच जण आहेत. त्यांच्या हाताला ना करवतीची सवय असते, ना कोंबडीची. प्रस्तुत लेख मुख्यत्वे त्यांच्यासाठी आहे.

खुराडे बांधू पाहणारा नवखा माणूस साधारणपणे थंडीचा आणि चोराचा विचार करतो. म्हणून तो चारही भिंती पक्क्या करतो, दार लहान ठेवतो आणि छप्पर मात्र जेमतेम भिंतीपुरते घालतो. आपल्या भागात याच्या नेमके उलट करावयास हवे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कोंबडी थंडी बरीच सोसते. ओल तिला सोसत नाही. ओलसर गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. त्याच ओलीत विष्ठा कुजून अमोनिया वायू सुटतो, पक्ष्यांचे डोळे व श्वासनलिका दुखावतात आणि मग कोणतेही दुखणे त्यांना सहज गाठते. म्हणून खर्चाचा मोठा वाटा छप्पर, तळ आणि जाळी यांवर करावा व भिंतींवर हात आखडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता जागेविषयी. खुराडे घराला टेकवून बांधण्याचा मोह होतो, कारण एक भिंत वाचते. तो टाळावा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा मोठ्या प्रमाणात पक्षी नष्ट करावे लागले. असा प्रसंग रोज येत नाही हे खरे. तथापि माणसे झोपतात त्या खोलीच्या हवेत कोंबड्यांचे तूस आणि विष्ठेची धूळ मिसळू नये, एवढे शहाणपण त्यातून घ्यावयास हरकत नाही. घरापासून पंधरा-वीस फूट दूर, विहिरीपासून त्याहूनही दूर आणि पावसाचे पाणी साचणार नाही अशी उंचवट्याची जागा निवडावी. फणस वा आंब्याची सावली उन्हाळ्यात उपकारक ठरते. मात्र सुकी फांदी नेमकी छपरावर येत नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

आपल्याकडे बांधकाम म्हटले की जांभ्याचा चिरा आठवतो. खाणीतून काढताना मऊ असणारा आणि हवा लागताच कठीण होणारा हा दगड घराच्या भिंतीला उत्तम. परंतु तो सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो. नुसत्या चिऱ्यांचे, गिलावा नसलेले बुटके खुराडे जुलैमध्ये आतून घामेजल्यासारखे ओले राहते. चिरा वापरावयाचाच असेल तर तो पायासाठी वापरावा. चार कोपऱ्यांना दोन-दोन फूट उंचीचे चिऱ्यांचे खांब उभारावेत आणि त्यांवर लाकडी चौकट बसवावी. खालून वारा खेळतो, विष्ठा खाली पडते, ती फावड्याने ओढून नारळीच्या आळ्यात टाकता येते. खांबांभोवती गुळगुळीत पत्रा गुंडाळला तर उंदीर वर चढत नाहीत. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची आपल्याकडची जुनी रीत आजही उपयोगी आहे. ते कातडीला भाजते, म्हणून हातमोजे घालूनच लावावे.

आकार केवढा असावा? दिवसभर मोकळ्या चरणाऱ्या दहा कोंबड्यांना पाच फूट लांब आणि चार फूट रुंद खुराडे पुरते. म्हणजे प्रत्येकीला दोन चौरस फूट जागा मिळते. रुंदी चार फुटांहून अधिक नको, याचे कारण कोंबडीत नसून माणसाच्या हातात आहे. दोन्ही बाजूंनी दारे ठेवली, तर प्रत्येक बाजूने दोन फुटांपर्यंत हात सहज जातो. ज्या कोपऱ्यात झाडू पोहोचत नाही, तो कोपरा पहिल्या आठवड्यानंतर कोणी झाडत नाही. दहापेक्षा अधिक पक्षी हवे असतील, तर खुराडे लांबीने वाढवावे.

तळासाठी बांबू चिरून केलेल्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत सुमारे अर्धा इंच फट ठेवून, खिळ्यांनी पक्क्या ठोकाव्यात. कोरड्या प्रदेशात तळावर भाताच्या तुसाची गादी पसरतात आणि ती पद्धत चांगलीच आहे; परंतु आपल्या पावसाळ्यात ती गादी कोरडी ठेवणे अनुभवी माणसालाही जड जाते. बांबू पावसाळा संपल्यावर तोडलेला असावा. तोडल्यावर तो दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला, की त्यातील गोडवा निघून जातो आणि तो पोखरणारा किडा फारसा लागत नाही. नवखे लोक हा टप्पा हमखास गाळतात आणि पुढच्या वर्षी तळ बदलतात.

छप्पर एका उताराचे असावे आणि उताराची खालची बाजू नैर्ऋत्येकडे, म्हणजे जिकडून झड येते तिकडे असावी. त्या बाजूस वळचण भिंतीच्या बाहेर किमान दोन फूट यावी. पागोळ्या खुराड्यापासून दूर पडल्या पाहिजेत. मंगलोरी कौले थंड राहतात, पण जड असतात आणि ऊदमांजराला ती सरकवता येतात, म्हणून त्यांखाली जाळी हवीच. पत्रा स्वस्त आणि हलका असतो. मात्र एप्रिल-मेच्या उन्हात तो तापतो, तेव्हा त्यावर नारळाची झापे पसरावीत. पत्रा नुसते दगड ठेवून दाबू नये. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड भागात घरांचीही छपरे उडाली, हे आपण पाहिले आहे. हुक लावून पत्रा वाशांना घट्ट बांधावा.

भिंतींचा खालचा दीड फूट भाग फळ्यांनी बंद करावा आणि वरचा भाग जाळीचा ठेवावा. पावसाच्या बाजूस ताडपत्रीचा पडदा लावावा. तो वरून खाली सोडायचा नसतो, खाली पक्का करून वर ओढायचा असतो. असे केले म्हणजे झड अडते, वारा थेट पक्ष्यांच्या अंगावर येत नाही आणि गरम, दूषित हवा वरच्या मोकळ्या फटीतून निघून जाते. सकाळी दार उघडताच वाकून आत श्वास घ्यावा. नाकाला झणझण लागली, तर पडदा खाली घ्यावयास हवा, असे समजावे.

जाळीच्या बाबतीत दुकानात हमखास षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी पुढे केली जाते. ती कोंबडीला आत ठेवते. शत्रूला बाहेर ठेवत नाही. आपल्याकडे मुंगूस दिवसा येतो, रात्री ऊदमांजर आणि रानमांजर येतात. घूस जमीन पोखरते आणि उंदरांच्या मागोमाग साप येतात. या सर्वांसाठी अर्ध्या इंचाची, जोड वितळवून पक्की केलेली जाळी, म्हणजे वेल्डमेश घ्यावी. महाग पडते, पण एका रात्रीत सारे पक्षी गमावलेल्या घराला तिचे मोल सांगावे लागत नाही. दाराला एक कडी पुरत नाही, वर आणि खाली अशा दोन असाव्यात. कोंबड्यांचे खाद्य खुराड्यात साठवू नये, उंदरांना तेच निमंत्रण असते.

आतील मांडणी सोपी आहे, पण तिच्यातही एक युक्ती आहे. कोंबडी रात्री उंच जागी बसते. अंडी घालण्याची खोकी बसण्याच्या दांड्यांपेक्षा उंच असतील, तर ती खोक्यातच झोपते आणि अंडी घाण होतात. म्हणून दांडे वर, खोकी खाली. गिरिराजसारख्या जड पक्ष्यांसाठी दांडे तळापासून दीड फुटाहून उंच नकोत, उतरताना पाय दुखावतात. खोकी तर तळालाच ठेवावीत. सर्व दांडे एकाच पातळीवर असावेत, नाहीतर वरच्या दांड्यासाठी रोज संध्याकाळी भांडण ठरलेले. दर पक्ष्याला आठ इंच धरले, तर पाच फुटांचे दोन दांडे दहा कोंबड्यांना भरपूर होतात. ते जाळीपासून एक फूट आत असावेत, कारण रानमांजर जाळीतून पंजा घालून झोपलेल्या पक्ष्याला ओढते. अंड्यांसाठी एक-एक फुटाची दोन किंवा तीन खोकी, अंधाऱ्या बाजूस, आत पेंढा घालून ठेवावीत. सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत. पिल्ले काढावयाची असतील, तर एखादी गावठी कोंबडी सोबत असू द्यावी आणि तिच्यासाठी २१ दिवस एक खोके वेगळे राखावे.

नाताळचे दिवस सरले, की काम हाती घ्यावे आणि मार्चअखेर संपवावे. पिल्ले आधी आणून मग खुराड्याला सुरुवात करणारे लोक मे महिन्यात घाईघाईने वाटेल ते ठोकून मोकळे होतात. मानमोडी व देवी या रोगांच्या लसी कधी द्यावयाच्या, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पिल्ले आणण्यापूर्वीच विचारून ठेवावे. सावर्ड्याजवळ मांडकी-पालवण आणि खरवते-दहिवली येथे कृषी महाविद्यालये आहेत, त्यांचाही सल्ला घेता येईल.

पक्षी नव्या खुराड्यात आणल्यावर पहिले चार-पाच दिवस त्यांना बाहेर सोडू नये. आतच दाणापाणी द्यावे. त्यानंतर संध्याकाळी ऊन उतरण्याच्या सुमारास सोडले, की त्या दूर जात नाहीत आणि अंधार पडू लागताच आपण होऊन परततात. एखादी फणसावर जाऊन बसलीच, तर अंधार झाल्यावर तिला हलकेच उचलून दांड्यावर ठेवावे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीही शिकते. त्यानंतर मोजणी करावी आणि दोन्ही कड्या लावाव्यात.