मठाच्या सावलीत ‘स्वामी’

बिदर, भालकी, हुमनाबाद, आळंद या मुलखात बसून मराठी वाचणाऱ्या माणसाला जी. ए. कुलकर्णी जरा निराळ्या वाटेने भेटतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याच्या दप्तरातून बिदर-गुलबर्गा आणि मुंबई राज्याच्या दप्तरातून बेळगाव-धारवाड असे दोन्ही प्रदेश एकाच दिवशी म्हैसूर राज्याच्या अमलाखाली गेले. आणि त्यानंतर तिसऱ्या वर्षी, १९५९ साली, धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्या या गृहस्थांचा ‘निळासावळा’ हा पहिला कथासंग्रह प्रसिद्ध झाला. उंबऱ्याबाहेर कानडी, पोटासाठी इंग्रजी आणि लिहावयाचे ते मात्र मराठीत, असा त्यांचा शिरस्ता होता. आमच्याकडे इंग्रजीच्या जागी एके काळची कचेरीतली उर्दू घातली की चित्र पुरे होते. जी.एं.च्या भगिनी नंदा पैठणकर यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे ‘प्रिय बाबुआण्णा’ हे नाव वाचताना आमच्या वाचकाला त्यातल्या ‘आण्णा’चा अर्थ विचारावा लागत नाही. त्याच धारवाडात मायबोली मराठी असलेले द. रा. बेंद्रे कानडीचे थोर कवी झाले. १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक बेंद्र्यांना मिळाले आणि त्याच सालचा साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार जी.एं.च्या ‘काजळमाया’ला; मात्र पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तेव्हा जी.एं.नी तो परत करून टाकला.

स्वतःच्या लेखनाविषयी व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याचे त्यांनी आयुष्यभर कटाक्षाने टाळले. मात्र पत्र लिहावयास बसले म्हणजे हाच अबोल माणूस पानेच्या पाने मोकळा होई. मौज प्रकाशनाने चार खंडांत छापलेल्या त्यांच्या निवडक पत्रांपैकी पहिला खंड सर्वस्वी सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. त्यांची लेखनविषयक मते शोधणारा अभ्यासक साहजिकच प्रथम तेथे धाव घेतो आणि पत्रांतली वाक्ये उचलून कथांना कुलुपाच्या किल्ल्यांसारखी लावून पाहतो. मला ही रीत उलटी वाटते. पत्र हे एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला, त्या दिवसाच्या मनःस्थितीत लिहिलेले असते; ती काही न्यायासनापुढची जबानी नव्हे.

‘पिंगळावेळ’ या १९७७ च्या संग्रहातली ‘स्वामी’ ही कथा घ्या. वाटेत अडकलेल्या एका प्रवाशाला आदराने एका मठात नेले जाते, आणि तेथील भुयारवजा दालनात, खाण्यापिण्याची कसलीही ददात न ठेवता, स्वामी म्हणून कायमचे कोंडले जाते. वर हवेपुरता मार्ग. आणि त्या मार्गाने प्रकाशाकडे चढू पाहणारी एक वेल. शहरातला वाचक या मठाला पहिल्या पानापासूनच प्रतीक समजू लागतो. कलबुर्गी जिल्ह्यातल्या वाचकाला तशी सवड नसते, कारण मठ त्याच्या खिडकीतून दिसतो: तेथला दासोह, पालखी, पुढच्या गादीसाठी लहान वयातच निवडलेला आणि त्या दिवसापासून थोरामोठ्यांनी ज्याच्या पायांवर डोके ठेवावे असा पोरगा, हे सारे त्याने पाहिलेले असते. म्हणून कथेतले आदरातिथ्य त्याला आधी खरे वाटते आणि भय मागाहून, दार बंद झाल्यावर, वाटते. मला तर वाटते, जी.एं.चे कथालेखनाविषयीचे मत येथेच, कोणत्याही पत्रापेक्षा स्वच्छपणे, लिहिलेले आहे: आधी पायाखालची फरशी खरी असली पाहिजे, मग तिच्याखाली हवे तेवढे खोल भुयार खणावे.

एडगर ॲलन पो याने १८४२ साली हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना, कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा एकच परिणाम मनावर उमटावा, असा दंडक घातला होता. इंग्रजीच्या या प्राध्यापकाने ‘रमलखुणा’ या संग्रहात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घ कथा देऊन त्या दंडकातला बैठकीचा भाग खुशाल बाजूला सारला. परिणामाच्या एकतेत मात्र तसूभर ढिलाई केली नाही.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत जी.एं.ना ‘नियतिवादी’ हा एक शिक्का मारून मोकळे होण्याची वहिवाट पडली आहे. नियती त्यांच्या कथांत आहे, हे कबूल. पण शिक्का एवढा सोयीचा झाला की त्यामागे ती वेल दिसेनाशी होते. अंधारात अन्न-पाणी मिळत असता एक कोंडलेला माणूस तिला वर चढावयास लावतो, हे निव्वळ शरणागतीचे लक्षण म्हणता येईल काय?

तेव्हा विद्यार्थ्यांना आणि नव्या वाचकांना एवढीच विनंती, की पत्रांचे खंड अगोदर उघडू नयेत. ‘स्वामी’ वाचावी, शक्य तर गावातल्या मठाच्या ओसरीवर बसून वाचावी, आणि पत्रे दुसऱ्या दिवशी काढावीत.