‘स्मॉलटॉक’ : मुलांसाठी योजिलेली संगणकभाषा

संगणकाला आज्ञा ज्या भाषेत द्यावयाच्या, तिला संगणकभाषा म्हणतात. अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात अ‍ॅलन के व त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली ‘स्मॉलटॉक’ ही भाषा सिद्ध केली. ती मुलांनाही वापरता यावी, असा त्यांचा हेतू होता.

अ‍ॅडेल गोल्डबर्ग यांनी मुलांपुढे आरंभी नियम न मांडता पडद्यावर ‘जो’ नावाचा एक चौकोन ठेवला. वळण्याची आज्ञा दिली की ‘जो’ वळे. वाढण्याची दिली की मोठा होई. मग मुले दुसरा चौकोन निर्माण करीत. प्रत्येकाचा आकार व दिशा निराळी. परंतु वळण्याची रीत एकच, कारण दोघांचा प्रकार एक. वस्तू, तिचे गुण, तिला पाठविलेला निरोप व तिचा प्रकार या कल्पना अशा रीतीने व्याख्येपूर्वी अनुभवास येत.

तथापि पुढे प्रौढांना शिकविताना निराळी अडचण दिसली. भाषा अवगत होऊनही नावपत्त्यांच्या साध्या नोंदवहीची रचना त्यांना स्वतः योजता येईना, असे के यांनी १९९३ साली लिहिले आहे.

तात्पर्य, साधन सुलभ झाले तरी विचाराची मांडणी निराळी शिकवावी लागते. आणि ते कार्य शिक्षकाचेच होय.