लवंगतेलाने तण जळतं, पण मूळ?

मैत्रिणींनो, जांबे काय अन् मुळशीतलं दुसरं गाव काय, पाऊस लागला की खुरपणी-बेणणी बाईच्याच माथी. म्हणून ‘नैसर्गिक तणनाशक’ लिहिलेली बाटली दिसली की घ्यावीशी वाटते. घेण्याआधी एवढं समजून घेऊ या.

लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं. ते लागलं की पानातलं पाणी टिकत नाही आणि कोवळं तण एक-दोन दिवसांत करपतं. पण तेल मुळापर्यंत जात नाही. लव्हाळ्याची गाठ, हरळीचं मूळ जमिनीत जिवंत राहतं अन् पुन्हा फुटतं. शिवाय पीक कुठलं अन् तण कुठलं, हे तेलाला कळत नाही. भातावर पडलं तर भातही करपेल. लिटरभर पाण्याला ५० ते १०० मिली तेल आणि ते मिसळायला थोडं साबणाचं पाणी लागतं. एकराला हा खर्च परवडायचा नाही. अंगणातल्या फरशीच्या फटींतल्या कोवळ्या तणावर, उन्हाच्या दिवशी, ठीक आहे.

बुरशीचं काय? ओव्यातलं थायमॉल, गवती चहातलं सिट्रल बुरशीची वाढ रोखतात. पण ओलं बियाणं कुठलंच तेल वाचवत नाही. आधी कडक ऊन, मग कोरडी कणगी. तेल जास्त लागलं तर बी उगवतही नाही.

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे, बरं का! नुसतं तेल कातडी भाजतं, डोळ्यांना झोंबतं. हातमोजे घाला, बाटली मुलांपासून लांब ठेवा.

गटाचे पैसे घालण्याआधी चार हात जागेवर करून बघा. पंधरा दिवसांनी तण पुन्हा फुटलं का, ते बैठकीत सांगा.